आधी कोणतं बसवायचं: 'अमेरिकन गर्ल' की 'लास्ट नाइट'?

दोन गिटार, एक बेस, एक ड्रमर आणि एक गाणारा. एवढी मंडळी जमली की या दोन गाण्यांवरून वाद होतोच, कारण पहिले काही सेकंद दोन्ही गाणी एकाच घरातली वाटतात. एकच गिटार एका सुरावर तडतडत राहते, मग बाकीचे येऊन मिळतात. हा योगायोग नव्हे. 'द स्ट्रोक्स' या अमेरिकन रॉक बँडनी २००१ च्या 'लास्ट नाइट'ची सुरुवात अमेरिकन रॉक गायक टॉम पेटीच्या १९७६ च्या 'अमेरिकन गर्ल'वरून उचलल्याचं स्वतःच कबूल केलं. पेटीला त्याचं हसू आलं, विषय तिथेच मिटला. २००६ च्या दौऱ्यात तर या पोरांनी त्याच्या काही कार्यक्रमांची सुरुवातही केली.

नवा बँड असेल तर माझं मत 'लास्ट नाइट'ला. लय जरा निवांत आहे, आणि गाणाऱ्याला सुरेल असण्यापेक्षा वैतागलेलं असणं जास्त उपयोगी पडतं. 'स्ट्रोक्स'चा गायक ज्युलियन कॅसाब्लांकास याचा आवाज छोट्या प्रॅक्टिस ॲम्पमधून काढलेला, म्हणून तो टेलिफोनवर बोलल्यासारखा फाटका येतो. तुमच्याकडचा माइक स्वस्त असेल तर उत्तमच! ड्रम सरळसोट आहेत. सोलो छोटा आहे, पण तो नीट बसवा. पब्लिक तिथेच कान देतं.

'अमेरिकन गर्ल' ऐकायला सोपं, वाजवायला घाम काढणारं. पेटीचा ड्रमर स्टॅन लिंच याच्या ड्रममध्ये जुन्या रॉक अँड रोलची, गिटारवादक बो डिडलीची चाल आहे, आणि ती शेवटपर्यंत पळत राहते. उजवं मनगट सैल नसेल तर दुसऱ्या कडव्यापर्यंत हात भरून येतो. पेटी वरच्या पट्टीत गातो. तिथे आवाज पोचत नसेल तर पट्टी खाली घ्या, उगाच ओरडू नका. गाणं संपल्यासारखं वाटतं तेव्हा खरी गंमत सुरू होते: शब्द थांबतात आणि गिटार धावत सुटतात. ड्रमर दमदार असेल तर मात्र माझं वरचं मत विसरा आणि हेच घ्या.

'अमेरिकन गर्ल'च्या कडव्यातल्या मुख्य कॉर्ड चार: डी, ई, जी, ए. त्यातला ई मेजर आहे, मायनर नाही. डीच्या पट्टीत हात सवयीने मायनरवर जातो. मी दोन आठवडे तसाच वाजवत होतो आणि आम्ही सगळे मिळून बेसवाल्याला झापत होतो.