आजीचा आवाज, दुसऱ्याचा हक्क: भुलाबाईच्या गाण्यांचा व्हिडिओ करताना आम्ही कसे फसलो

जानेवारीत मी माझ्या आजीचा एक साधा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. फोनवर काढलेला, एक मिनिट चाळीस सेकंदांचा. काटोल तालुक्यातलं आमचं अंगण, आजी जात्याशेजारी बसलेली आणि भुलाबाईचं गाणं म्हणतेय. मागे कोंबडा ओरडतो, मधेच ती थांबून चुलीकडे बघते. अर्ध्या तासात मेल आला की या व्हिडिओतल्या आवाजावर दुसऱ्या कोणाचा तरी हक्क आहे. बाराव्या सेकंदापासून बेचाळिसाव्या सेकंदापर्यंतचा आवाज जुळतो म्हणे. आणि हक्क सांगणारा कोण, तर ज्याला आम्ही सात जणांनी मिळून ४३ हजार रुपये दिले होते तोच माणूस.

त्याचं नाव मी लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. पण त्याने काय काय केलं ते सगळं लिहिते. नागपुरात दर वर्षी कॉलेजची पोरं आपापले बँड, आपापली गाणी घेऊन उभी राहतात, आणि हा माणूस अजून याच धंद्यात आहे.

आमचा गट सात जणांचा. चार मुली, तीन मुलं, सगळे शिकणारे. विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाई बसते. ज्वारीच्या धांड्यांचा मखर, त्यात मातीचे भुलाबाई-भुलोजी, संध्याकाळी पोरींच्या टिपऱ्या, आणि शेवटी खाऊ ओळखायचा. शहरात आता हे फार कमी घरांत उरलंय. आजीला अशी तीसच्या वर गाणी येतात. त्यातली पाच निवडून ढोलकी, टाळ, टिपऱ्या आणि एक गिटार एवढ्यावर छोटा अल्बम करायचा, एका गाण्याचा व्हिडिओ करायचा, एवढाच आमचा बेत होता. हे २०२४ सालचं.

एका सीनियरच्या ओळखीने हा दादा भेटला. धंतोलीत दुसऱ्या मजल्यावर खोली, भिंतीला फोम लावलेला, टेबलावर दोन मोठे मॉनिटर. त्याने त्याच्या चॅनेलवरची गाणी दाखवली. एकेकाला लाखांत व्ह्यूज. मी घरी येऊन बघायला हवं होतं की त्या लाखो व्ह्यूजखाली कमेंट फक्त अकरा-बारा आहेत, आणि त्याही सगळ्या ‘नाइस साँग’ छापाच्या. ते मी चार महिन्यांनी बघितलं.

‘पोट्टेहो, तुम्ही फक्त गा. बाकी सगळं मी करून देतो,’ असं म्हणाला. पॅकेज ४५ हजारांचं. शूटिंगचे २५, ड्रोनचे ६, कव्हरचे ४, ‘लेबल रजिस्ट्रेशन’चे १०. लेबल रजिस्ट्रेशन म्हणजे नेमकं काय हे कोणीच विचारलं नाही. मी विचारणार होते, पण सगळ्यांसमोर आपल्याला काही कळत नाही असं दिसेल म्हणून गप्प बसले. ३० हजार अॅडव्हान्स यूपीआयने दिले. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव वेगळंच आलं. ‘माझ्या साल्याचं खातं आहे, जीएसटीमुळे,’ असं त्याने सांगितलं आणि आम्ही पाठवले. त्यात माझ्या आईने भिशीचे उचललेले आठ हजार होते.

मग मागण्या सुरू झाल्या. ‘कॉपीराइट नोंदणी’चे ८ हजार. वर प्रत्येक गाण्याच्या आयएसआरसी कोडचे हजार, म्हणजे पाच गाण्यांचे ५ हजार. हे आकडे नीट लक्षात ठेवा, कारण पोरं इथेच सगळ्यात जास्त फसतात. भारतात कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाहीच. केलीच, तर सरकारी फी ध्वनिमुद्रणाला २,००० रुपये, संगीतरचनेला किंवा चित्राला ५०० रुपये आहे, आणि अर्ज ऑनलाइन आपला आपण भरता येतो. आयएसआरसी म्हणजे प्रत्येक ध्वनिमुद्रणाला मिळणारा बारा अक्षरा-आकड्यांचा क्रमांक. गाणी स्पॉटिफाय वगैरेंवर पोहोचवणाऱ्या बहुतेक डिस्ट्रिब्युटर सेवा तो फुकटात देतात. आम्ही त्याचे पाच हजार मोजले. कॉपीराइट नोंदणीची पावती तर आजपर्यंत दाखवलेली नाही.

ड्रोन उडालाच नाही. फुटाळा तलावावर पहाटे शॉट घ्यायचा होता. नागपुरात विमानतळाच्या आसपास ड्रोन उडवायचा तर परवानगी लागते, हे खरंच आहे. पण तेच खरं कारण पुढे करून त्याने शूटिंगच्या दिवशी आमच्या सह्या घेतल्या.

तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. सकाळी सगळ्यांनी तर्री पोहे खाल्ले आणि दोन गाड्या करून काटोलला गेलो. गांधीबागेतून आणलेली लुगडी नेसून पोरी तयार झाल्या. वाडीत आंबिया बहाराची हिरवी संत्री लटकलेली. आजीने सकाळपासून मखर बांधून ठेवला होता, पाच धांडे, वर आंब्याची पानं. दुपारभर काम झालं आणि पाचच्या सुमारास, ऊन उतरताना, त्याने गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवले. ‘एनओसी आहे. ड्रोनसाठी, लोकेशनसाठी. पटापट करा बेटा, उजेड चालला.’ तीन पानं, इंग्रजीत, बारीक टाइप. ढोलकीवाल्याने एकेक पान उलटत सही केली, तशी सगळ्यांनी केली. मीही केली. कॅमेरामन डोळ्यांवर हात धरून सूर्याकडे बघत होता. वाचायला मागितलं असतं तर शॉट गेला असता असं तेव्हा वाटलं.

दुसऱ्या पानावर सातवं कलम होतं. ध्वनिमुद्रण, चित्रीकरण, गायन-वादन आणि ‘संबंधित कलाकृती’ यांचे सर्व हक्क, जगभर, कायमचे, त्याच्या नावे. मोबदल्याचा रकाना कोरा. ड्रोनचा तिन्ही पानांत एक शब्द नाही.

आजीची सही मात्र त्याने घेतली नाही. ती त्या वेळी सगळ्यांना चहा देत होती. त्याच्या लेखी ती म्हणजे घरातली म्हातारी, कलाकार नव्हेच. पुढे हेच आमच्या कामी आलं.

कव्हरचं सांगते, कारण ते मला पैशांपेक्षा जास्त लागलं. आमच्यातली एक मैत्रीण चित्रकलेची विद्यार्थिनी आहे. तिने पंधरा दिवस बसून कव्हर हाताने रंगवलं. मखरातली भुलाबाई, मागे ज्वारीचं शेत, आकाश शेंदरी. दादाने बघितलं आणि म्हणाला, ‘रिझोल्यूशन नाही याला. आपला डिझायनर करेल.’ म्हणून पॅकेजमधले कव्हरचे ते चार हजार. ती बिचारी गप्प बसली. प्रत्यक्षात गाण्यांच्या ऑनलाइन स्टोअरना लागतं ते चौकोनी चित्र, ३००० बाय ३००० पिक्सेल, आरजीबी म्हणजे स्क्रीनच्या रंगांमध्ये. ए-थ्री कागद चांगल्या स्कॅनरवर घेतला तर एवढं सहज मिळतं. अल्बम आला तेव्हा कव्हरवर तिचंच चित्र होतं. आडवं चित्र चौकोनी करताना दोन्ही बाजू कापलेल्या, आणि उजव्या कोपऱ्यात, ज्वारीच्या पानाखाली, जिथे तिची सही होती, तिथे पहिल्या अक्षराची वेलांटी तेवढी उरलेली. बाकी सही कापली गेली. खाली छापलेलं: ‘आर्टवर्क’ आणि त्याच्या चॅनेलचं नाव.

गाण्यांच्या तपशिलात गीतकार तो, संगीतकारही तोच. ज्या गाण्यांचा कर्ता कोणालाच ठाऊक नाही, ज्या आईकडून लेकीकडे आलेल्या ओळी आहेत, त्यांच्यापुढे एका माणसाने आपलं नाव टाकलं. पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला आजीच्या आवाजाचे तीस सेकंद होते. ते माझ्या फोनवरच्या रेकॉर्डिंगमधून घेतलेले, मीच त्याला दिले होते, इंट्रोला छान लागतील म्हणून. आजीचं नाव कुठेच नव्हतं. माझ्या व्हिडिओवर हक्काचा दावा आला तो याच तीस सेकंदांवरून.

मूळ फाइली मागितल्या तर व्हॉट्सअॅपवर एमपीथ्री पाठवल्या. वेव्ह फाइली, प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक, कच्चं फुटेज, यातलं काहीही नाही. ‘उरलेले १५ हजार टाका, हार्ड डिस्क घेऊन जा.’ तोवर आम्ही शहाणे झालो होतो, टाकले नाहीत. मग त्याने फोन उचलणं बंद केलं. धंतोलीची खोली दुसऱ्या कोणाला भाड्याने गेलेली. आता मी कोणीही विचारलं तरी एकच सांगते: शूटिंग संपल्यावर निघण्याआधी मेमरी कार्ड तुमच्या डिस्कवर उतरवून घ्या, त्याच अंगणात बसून. एक तास जास्त लागेल. ‘ऑफिसमधून देतो’ म्हटलं की समजा, फुटेज गेलं.

पोलीस ठाण्यात गेलो तर हा व्यवहाराचा वाद आहे, दिवाणीत जा, असं ऐकायला मिळालं. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा हेल्पलाइन क्रमांक आहे, पण तो लगेच फोन केला तर उपयोगी पडतो, पैसे पुढे जाण्याआधी. आमचे पैसे जाऊन चार महिने झाले होते. शेवटी सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे गेले. तिथे स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. ज्या वकील ताई मिळाल्या त्यांनी तीन पानं पाच मिनिटांत वाचली. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९: हक्क सोपवायचे तर लेखी हवं, कोणती कृती ते हवं, किती काळासाठी आणि मोबदला किती तेही हवं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात. ‘यात मुदत कायमची लिहिली आहे, पण मोबदल्याचा रकाना कोरा आहे. तिथे आपण भांडू,’ असं म्हणाल्या. मग विचारलं, ‘आजींची सही कुठे आहे?’ नाही म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. गाणाऱ्याचा आपल्या गायनावर हक्क असतो, कलम ३८ पासून पुढे तेच आहे. आजीने तो कोणालाच दिलेला नव्हता.

आता पुरावा हवा होता. माझा जुना फोन विकला गेलेला. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या क्लिपमध्ये मूळ तारीख-वेळ राहत नाही, त्यामुळे ती फारशी कामाची नव्हती. दोन रात्री शोधल्यावर गुगल ड्राइव्हच्या बॅकअपमध्ये मूळ फाइल सापडली, त्याच्या अल्बमच्या पाच महिने आधीची. मी यूट्यूबवर हरकत घेतली. हरकतीवर उत्तर द्यायला दावेदाराला ३० दिवस असतात. त्याने एकोणतिसाव्या दिवशी फेटाळली. मग अपील केलं. इथे मुलं घाबरतात, कारण अपिलानंतर दावेदार व्हिडिओ काढून टाकायची नोटीस देऊ शकतो आणि चॅनेलवर स्ट्राइक, म्हणजे यूट्यूबची ताकीद, बसू शकतो. मलाही भीती वाटली. पण अपिलाला उत्तर द्यायला त्याच्याकडे सातच दिवस होते आणि त्या सात दिवसांत त्याने काही केलं नाही. दावा सुटला. आजीचा व्हिडिओ आता माझ्या चॅनेलवर आहे.

डिस्ट्रिब्युटरला वकील ताईंचं पत्र गेल्यावर पाचातली दोन गाणी स्टोअरवरून उतरली. तीन अजून त्याच्याच नावावर आहेत, त्याच कापलेल्या चित्रासकट. पैशांसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीची, लेखी तक्रार दिली आहे, पोच माझ्याकडे आहे. मैत्रिणीने त्यानंतर कव्हर केलेलं नाही. मी दोनदा विचारलं, ती विषय बदलते.

आजीला हे सगळं सांगावंच लागलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘काऊन वं बाई, माह्या आवाजाचं तो काय करन?’ मला धड उत्तर देता आलं नाही. पैशाचं सांगितलं असतं तर तिला कळलं असतं, पण पैसे तर त्या गाण्यांतून कोणालाच फारसे मिळाले नसतील. त्याला नाव पाहिजे होतं, एवढंच मला समजलंय.

गेल्या कोजागिरीला आम्ही चौघी पुन्हा काटोलला गेलो. तिघं आता येत नाहीत. या वेळी फोन स्टँडवर लावला, फाइल लगेच दोन ठिकाणी ठेवायची असं ठरवलं होतं, आणि प्रत्येक गाण्याआधी गाणाऱ्याने आपलं नाव, गाव आणि तारीख बोलायची. आजीने पदर नीट केला, स्वतःचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, तारीख मला विचारून सांगितली. मग गाणं सुरू करायच्या आधी थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘माह्या मायचंबी नाव घेऊ का? गाणं तर तिचं हाये.’

रेकॉर्डिंग चालूच होतं. मी मान हलवली.