पेरिस्टाल्टिक की अकूस्टिक? ३८४ वेल (छोटे खळगे) असलेली लॅबची प्लेट भरायची तर काय घ्यावं

दोन्ही मशीन डिस्पेन्सरच, म्हणजे वेलमध्ये मोजून लिक्विड टाकणारी, पण कामं अगदी वेगळी आहेत हो. पेरिस्टाल्टिकमध्ये रोलर मऊ ट्यूब दाबत दाबत लिक्विड पुढे ढकलतो, त्यामुळे मीडिया (पेशी वाढवायचं द्रव), बफर (pH स्थिर ठेवणारं द्रावण), सेल्स (पेशी) असं एकच काहीतरी सगळ्या वेलमध्ये टाकायचं असेल तर हाच घ्या, ३८४ वेलमध्ये ५० मायक्रोलिटर म्हणजे १९.२ मिली झालं, ते बघता बघता भरून होतं. फक्त सेल्स तळाशी बसतात म्हणून बाटली हलवत राहायची, आणि ट्यूब वापरून वापरून सैल पडते, म्हणून अधूनमधून प्लेटचं वजन करून कॅलिब्रेशन (ठरवलेलं माप बरोबर पडतंय का) तपासायचंच, हे खरंच टाळू नका!

अकूस्टिकमध्ये टिप नाही, ट्यूब नाही, खालून अल्ट्रासाउंड मारून थेंब वरच्या उलट्या प्लेटमध्ये उडवतात. एको नावाच्या अकूस्टिक मशीनचा थेंब २.५ नॅनोलिटरचा, म्हणजे ४० थेंबांत १०० नॅनोलिटर कंपाउंड (तपासायचं रसायन) गेलं आणि ५० मायक्रोलिटरमध्ये डीएमएसओ (ते ज्यात विरघळवतात तो सॉल्व्हंट) फक्त ०.२ टक्के. डोस रिस्पॉन्सला (वेगवेगळ्या डोसचा परिणाम बघायला) हे फार भारी पडतं. पण याने मीडिया भरायला गेलात तर एका वेलला २०,००० थेंब लागतील. किंमतही बरीच जास्त, सोर्स प्लेटही (ज्यातून थेंब उडतात ती) खास लागते.

नवीन लॅब असेल तर मी आधी पेरिस्टाल्टिकच घेईन.