लेर्नू : लोकलच्या प्रवासात एस्पेरांतो

गेले आठ महिने मुलुंड ते मशीद, स्लो लोकलमध्ये, मी 'लेर्नू'वर एस्पेरांतो, म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून मुद्दाम बनवलेली भाषा, शिकतोय. २००२ पासूनची वेबसाइट, पूर्ण मोफत. धडे, व्याकरण, शब्दकोश सगळं एका जागी मिळतं. मी इंग्रजीतून शिकलो.

नामाच्या शेवटी 'ओ', विशेषणाच्या शेवटी 'आ', आणि याला अपवाद नाही. 'बोना' म्हणजे चांगला, 'मलबोना' म्हणजे वाईट. आठवड्यात वाक्यं जुळवायला लागलो. पण महिन्याभरात भाषा येते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शब्द बहुतेक युरोपातले आहेत, 'हुंदो' म्हणजे कुत्रा हे आपल्याला पाठच करावं लागतं. उलट कर्माला लागणाऱ्या 'न' प्रत्ययाला इंग्रजीवाले घाबरतात, तो मला सहज जमला. शाळेत 'स, ला, ते' घोकलेल्या माणसाला विभक्तीची कसली भीती?

डब्यातले मित्र मात्र चिडले. "इथे मराठी शाळा बंद पडतायत आणि तू जगाची एकच भाषा करायला निघालेल्यांत सामील?" माझाही आधी हाच समज होता. पण १९०५ साली फ्रान्समध्ये बुलोन-सुर-मेरला एस्पेरांतोचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तिथल्या जाहीरनाम्यातच स्पष्ट लिहिलंय की ही भाषा कुठल्याही देशाच्या भाषेची जागा घेणार नाही. घरात आपापली भाषा, परक्याशी बोलायला ही. ही भाषा बनवणारा झामेनहोफ आजच्या पोलंडमधल्या बियालिस्तोकचा, डोळ्यांचा डॉक्टर. पोलिश, रशियन, जर्मन, यिडिश बोलणारे शेजारी एकमेकांचा दुस्वास करतात हे त्यानं लहानपणी पाहिलं होतं. १८८७ साली पहिलं पुस्तक काढलं आणि त्यातच भाषेवरचा स्वतःचा हक्क सोडून दिला. विनोबांनीही ती शिकायला घेतली होती, हे कळल्यावर मंडळी जरा नरमली.

"पण बोलतं कोण?" हा प्रश्न उरलाच. तर मी दर रविवारी एका ब्राझिलियन शिक्षिकेशी व्हिडिओ कॉलवर बोलतो. तिचा नवरा हंगेरीचा, घरात दोघं एस्पेरांतोच बोलतात. त्यामुळे सात वर्षांच्या लेकीची ती जन्मापासूनची भाषा आहे. माझी चूक झाली की ही लेकच आधी सुधारते, तेही न हसता.

मागच्या रविवारी त्या लेकीनं विचारलं, 'नि'ला, म्हणजे इंग्रजीतल्या 'वी'ला, तुमच्याकडे काय म्हणतात? मी म्हटलं, आमच्याकडे दोन शब्द आहेत. तू सोबत नसलीस तर 'आम्ही', असलीस तर 'आपण'. तिनं 'आपण' तीनदा म्हणून पाहिलं.