सी आणि सी++ दोन्हीकडे चालणारं नवं असर्ट : एक पावसाळा वापरून

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून मालवणातल्या बर्फाच्या कारखान्यांनाही तेव्हाच उसंत. बंदराजवळच्या एका कारखान्याच्या कंट्रोलरचं काम माझ्याकडे आहे: ब्राइनच्या, म्हणजे थंडगार मिठाच्या पाण्याच्या टाकीचं तापमान, ते पाणी ढवळणारा पंखा, कॉम्प्रेसर चालू-बंद करणारी रिले. कंट्रोलरवरचा प्रोग्राम मी सी भाषेत लिहिते. तोच प्रोग्राम लॅपटॉपवर खोट्या टाकीला जोडून तपासायचा सिम्युलेटर भाच्याने सी++ मध्ये लिहिलाय. काही हेडर, म्हणजे प्रोग्रामला वरून जोडायच्या फाइली, दोघांचे सामाईक आहेत, म्हणजे तीच ओळ दोन वेगळे कंपायलर वाचतात. असर्ट म्हणजे 'ही अट खरी असलीच पाहिजे, नाहीतर थांब' असं सांगणारी तपासणीची ओळ. यंदा मी त्या हेडरांतलं असर्ट बदललं, सी२३ आणि सी++२६ या दोन भाषांच्या नव्या मानकांनी ठरवलेल्या रूपात. दोन महिने वापरल्यावर हे लिहितेय.

जुनं दुखणं आधी सांगते. असर्ट हा मॅक्रो, म्हणजे कंपाइल होण्याआधी ज्याच्या जागी दुसरा मजकूर भरला जातो असं नाव. तो मजकूर भरायला कंपायलरच्या आधी प्रीप्रोसेसर येतो आणि त्याला फक्त गोल कंस कळतात. महिरपी, चौकटी, कोनी कंसांतला कॉमा दिसला की त्याला वाटतं, इथे मॅक्रोला दिलेली दुसरी बाब, म्हणजे दुसरं आर्ग्युमेंट, सुरू झालं. जुन्या असर्टला आर्ग्युमेंट एकच चालतं. माझ्या सीमध्ये किमान आणि कमाल मर्यादेचा छोटा अ‍ॅरे जागच्या जागी महिरपी कंसात लिहून त्यातल्या एकाशी तापमान ताडून पाहिलं की अडलं. भाच्याकडे सेन्सर क्रमांकावरून तापमान देणारा मॅप. क्रमांकाचा आणि तापमानाचा असे त्याचे दोन डेटा-प्रकार कोनी कंसात लिहिले की तिथेही अडलं. जीसीसी हा कंपायलर म्हणतो, मॅक्रोला दोन आर्ग्युमेंट दिलीत, तो एकच घेतो. कॉमाचं नावही त्यात नसतं. भाच्याने पहिल्या वर्षी एक अख्खी संध्याकाळ स्वतःच्या मॅपमध्ये चूक शोधण्यात घालवली.

उपाय सगळ्यांना ठाऊक असतो: बाहेरून आणखी एक गोल कंस घाल. भाचा तेच म्हणायचा, "मावशी, कंस वाढव, झालं." मला ते कधीच पटलं नाही. तपासणीची ओळ ही माणसाने कंटाळा न करता लिहावी अशी गोष्ट आहे. तिथे दर वेळी एक नियम लक्षात ठेवायला लागला की माणूस ती ओळ लिहायचंच टाळतो.

नव्या रूपात असर्ट कितीही आर्ग्युमेंट घेतं आणि सगळी मिळून एकच अट धरतं. अशा मॅक्रोची सोय सीमध्ये १९९९ च्या मानकापासून आहे, सी++ मध्ये २०११ पासून, तरी असर्ट तसंच राहिलं होतं. पीटर सोमरलाड यांनी हा प्रस्ताव दोन्ही भाषांच्या समित्यांपुढे नेला. माझ्या लेखी या बदलातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. एकाच भाषेने बदललं असतं तर सामाईक हेडरमधली ओळ एकीकडे चालली असती, दुसरीकडे अडली असती, आणि जास्तीचे कंस तसेच राहिले असते.

माझ्या कंट्रोलरचा कंपायलर जुना आहे, त्यामुळे नव्या रूपाप्रमाणे स्वतःचं छोटं हेडर लिहिलं. अट खोटी ठरली तर लॅपटॉपवर फाइल, ओळ आणि अटीचा मजकूर छापून प्रोग्राम थांबतो. कंट्रोलरवर आधी रिले सोडते, कॉम्प्रेसर बंद करते, मग ओळीचा नंबर मेमरीत लिहून थांबते. फाइलचं नाव मी तिथे साठवत नाही, फ्लॅशमध्ये तेवढी जागा नाही. प्रत्येक फाइलला एक आकडा दिलाय.

आता यातला सापळा. जूनमध्ये मी हेडर घाईने लिहिलं, आर्ग्युमेंट जशीच्या तशी गोल कंसात टाकली. भाच्याला स्टॅटिक असर्टची सवय, म्हणजे प्रोग्राम चालण्याआधी कंपाइल होतानाच अट तपासणाऱ्या ओळीची. तिथे अट, कॉमा आणि मग संदेश असं लिहितात. त्याने असर्टमध्येही तसंच लिहिलं, आणि ते बिनतक्रार कंपाइल झालं. पण गोल कंसातला कॉमा हा ऑपरेटर होतो, डावीकडची अट टाकून देतो आणि उजवीकडचं ठेवतो. उजवीकडे संदेशाची स्ट्रिंग, म्हणजे कायम खरंच. मीठ-बर्फाच्या बादलीतून सेन्सर काढून ओट्यावर ठेवला, तापमान वीसच्या वर चढलं, तरी तपासणी पास! त्या दिवशी मी खरंच घाबरले. चुकीची तपासणी नसलेल्या तपासणीपेक्षा वाईट, कारण तिच्या भरवशावर आपण पुढे जातो.

मानक लिहिणाऱ्यांना हा धोका माहीत होता. सी++२६ मध्ये असा उघडा कॉमा ऑपरेटर चालत नाही, प्रोग्राम कंपाइलच होता कामा नये. मीही हेडर बदललं. सी++ च्या बाजूला सगळी अट बूलच्या, म्हणजे फक्त खरं किंवा खोटं धरणाऱ्या प्रकाराच्या, गोल कंसात घातली. तिथे दोन गोष्टी आल्या तर कंपायलर अडवतो. सीच्या बाजूला एकच बूल घेणारं इनलाइन फंक्शन ठेवलं, दोन आर्ग्युमेंट दिली की तिथेही अडतं. सी++ ला तेच फंक्शन देऊन पाहिलं होतं, पण ज्या वस्तू फक्त उघडपणे विचारल्यावर बूल होतात त्या फंक्शनच्या दारात अडकतात, म्हणून दोन भाषांना दोन वाटा. याची एक किंमत मोजावी लागली: बरोबरीच्या जागी चुकून एकच बरोबर चिन्ह टाकलं तर आधी जो इशारा मिळायचा, तो माझ्या या हेडरमध्ये मिळत नाही. ते काम अजून बाकी आहे.

स्टॅटिक असर्टबद्दल तक्रार नाही. कंट्रोलर लॅपटॉपला १२ बाइटचं पाकीट पाठवतो आणि ते दोन्हीकडे १२ बाइटचंच आहे हे त्याच एका ओळीने कळतं. सी११ मध्ये त्यासाठी असर्टचं हेडर जोडावं लागायचं आणि संदेश सक्तीचा होता. सी++१७ ने संदेशाची सक्ती काढली, सी२३ ने तीही काढली आणि शब्दही भाषेतच घेतला.

नव्या रूपाने जे सुटत नाही तेही सांगते. एनडीबग ही तपासण्या बंद करायची खूण. कंपाइल करताना ती लावली की असर्ट पूर्ण पुसलं जातं, आतल्या कामासकट. दोन वर्षांपूर्वी आमच्या प्रोग्राममध्ये सेन्सर वाचणारं फंक्शनच असर्टच्या कंसात राहून गेलं होतं. कारखान्याला दिलेल्या प्रतीत एनडीबग होतं. वाचन कधी झालंच नाही, जुनाच आकडा राहिला आणि कॉम्प्रेसर लवकर बंद होत गेला. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच आठवड्यात कारखान्यातल्या तात्यांचा सकाळी फोन: "गो, लादयेच्या पोटात पाणी रवला हा. होडयेक काय देऊ?" बर्फाची लादी बाहेरून आत गोठत जाते, वरून टणक दिसते आणि मधला गाभा कच्चा. त्या सकाळी होड्या दुसरीकडून बर्फ घेऊन गेल्या. नवं असर्ट यातून वाचवत नाही. त्यावर मी दोन नियम केलेत, कंसात काही बदलणारं काम लिहायचं नाही, आणि कंट्रोलरच्या प्रतीत एनडीबग लावायचंच नाही.

संदेशाची सोयही हवी होती. आजही अटीला अँडची दोन चिन्हं (&&) लावून पुढे संदेशाची स्ट्रिंग लिहावी लागते. चालतं, पण नवख्याला दाखवताना दर वेळी समजावावं लागतं.

भाचा सी++२६ च्या कॉन्ट्रॅक्ट असर्टवर खूश आहे. तो शब्द भाषेतलाच आहे, मॅक्रो नाही. नाव एवढं लांब, कारण असर्ट हे नाव मॅक्रोकडे आधीच होतं. सिम्युलेटरच्या त्याच्या स्वतःच्या फाइलींत त्याने ते खुशाल वापरावं. सीमध्ये ते नाही, म्हणून सामाईक हेडरांत मी येऊ देणार नाही.

जुलैच्या शेवटी आम्ही दोघांनी बसून जास्तीचे कंस काढले. तेवीस ठिकाणी होते. सेन्सर परत बादलीत घातला, बाहेर काढला, आणि या वेळी लॅपटॉपवर अट, ओळ आणि फाइल तीनही छापून आली. टाकीत ब्राइन भरायला तात्यांना मी दुसऱ्या दिवशी हो म्हटलं.