ग्रेटल : बेसबॉलच्या प्रेक्षकसंख्येवर पारखून घेतलेले मोफत सॉफ्टवेअर

जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी संख्याशास्त्र शिकवतो. बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला समाश्रयण, म्हणजे वर्गात आणि वर्गाबाहेरही सगळे ज्याला रिग्रेशनच म्हणतात तो, एक राशी इतर राशींवर कशी अवलंबून असते हे समीकरणात मांडण्याचा विषय, आम्ही अनेक वर्षे फळा आणि कॅल्क्युलेटर यांवर शिकवत आलो. दहा निरीक्षणांचा तक्ता मांडायचा, बेरजा आणि वर्गांच्या बेरजा करायच्या आणि शेवटी एक समीकरण लिहायचे. समीकरण आले की काम संपले असे विद्यार्थ्यांना वाटे, आणि खरे काम तिथून सुरू होते हे दाखवण्याइतका वेळ तासात उरत नसे. यंदा संपूर्ण सत्राच्या प्रात्यक्षिकांसाठी ग्रेटल हे सॉफ्टवेअर वापरले आणि सत्रभर एकच प्रश्न धरून ठेवला : अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचे सामने पाहायला येणाऱ्यांची संख्या कशावर ठरते? ग्रेटलविषयीचा हा अभिप्राय त्या एका प्रश्नाच्या कसोटीवर दिलेला आहे.

ग्रेटल विनामूल्य असून त्याची मूळ संहिता सर्वांसाठी खुली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेतील अर्थमितीचे प्राध्यापक रामू रामनाथन यांच्या एका जुन्या प्रोग्रामवरून ते उभे राहिले आणि पुढे एलिन कॉट्रेल व रिकार्डो लुक्केत्ती यांनी ते वाढवले. एकदा संगणकावर बसवले की इंटरनेटशिवाय चालते, ही आमच्यासाठी मोठी सोय ठरली. मार्चअखेर पारा चाळिशीच्या वर गेला की आमच्या प्रयोगशाळेत वीज आणि इंटरनेट या दोहोंचा भरवसा राहत नाही, आणि रावेर, यावल, चोपडा या भागांतून येणाऱ्या मुलांचे लॅपटॉप बहुधा भावंडांकडून आलेले जुने असतात. त्या लॅपटॉपवरही ते विनातक्रार चालले.

बेसबॉलच का घेतला, असे सहकाऱ्यांनी विचारले. जत्रेतील कुस्त्यांच्या दंगलीला किती गर्दी होईल याचा अंदाज आमच्या गावांतील कोणीही जाणता पंच सांगतो : कोणत्या मल्लांची जोड लागली आहे, वार कोणता आहे, कपाशीची वेचणी चालू आहे की उरकली. प्रश्न आमच्या ओळखीचाच होता. मात्र या कारणांपैकी प्रत्येकाचा वाटा वेगळा काढायचा, तर अनेक वर्षांची सारख्या पद्धतीने ठेवलेली नोंद हाताशी हवी. मेजर लीग बेसबॉल या तिथल्या सर्वोच्च स्पर्धेत नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग अशा दोन विभागांत मिळून आज ३० संघ आहेत. प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो आणि त्यांपैकी ८१ आपल्या मैदानावर. शॉन लाहमन यांनी सुरू केलेल्या विदासंचात (डेटासेटमध्ये) प्रत्येक संघाच्या प्रत्येक हंगामाचे विजय, पराभव, घरच्या मैदानावरील सामन्यांची संख्या आणि एकूण प्रेक्षक एकाच ओळीत मिळतात. आम्ही १९९० ते २०१९ हा काळ निवडला. प्रेक्षकांविना खेळला गेलेला २०२० चा नियमित हंगाम त्यामुळे आपोआपच बाहेर राहिला. १९९२ पर्यंत २६ संघ, १९९३ पासून २८ आणि १९९८ पासून ३०, असे मिळून तक्त्यात ८७८ ओळी झाल्या.

पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांनी एकूण प्रेक्षकसंख्या हे परावलंबी चल (ज्याचे कारण शोधायचे ते) घेतले, विजय हे स्वतंत्र चल (जे कारण मानायचे ते) घेतले आणि उत्तर मिळवले. विजयांचा सहगुणक (एक विजय वाढला की प्रेक्षक किती बदलतात तो आकडा) धन आला, त्याच्यापुढे ग्रेटलने तो निव्वळ योगायोग नसावा असे सुचवणारे तीन तारे लावले, आणि वर्ग खूश झाला. ग्रेटलचा पहिला खरा गुण मला इथे दिसला. निकालाच्या खिडकीतच आलेखांचा मेनू आहे. त्यातून अवशेषांचा, म्हणजे प्रत्यक्ष आकडा आणि समीकरणाचा अंदाज यांतील फरकांचा, आलेख दोन टिचक्यांत समोर येतो. अवशेष वर्षानुसार मांडले तेव्हा १९९४ चे बहुतेक ठिपके खाली घसरलेले दिसले. कारण खेळाडूंचा संप. १२ ऑगस्ट १९९४ रोजी सुरू झालेल्या त्या संपाने उरलेला हंगाम आणि वर्ल्ड सीरिज ही अंतिम मालिकाही रद्द झाली. सामनेच कमी झाले, म्हणून बेरीज कमी. तेव्हा एकूण प्रेक्षकांना घरच्या सामन्यांनी भागून दर सामन्याचे प्रेक्षक काढले. असे केल्यावर १९९४ ची घसरण नाहीशी झाली आणि तिच्या जागी दुसरी, अधिक बोलकी घसरण उघडी पडली : दर सामन्याची सरासरी सुमारे ३१ हजारांवरून १९९५ मध्ये सुमारे २५ हजारांवर आली. प्रेक्षक रागावले ते संप मिटल्यानंतर. परावलंबी चल चुकीचे घेतल्याने हे आधी झाकले गेले होते. फळ्यावरच्या दहा आकड्यांतून हा धडा मला कधीही देता आला नव्हता.

यानंतरचा आठवडा माझ्या मते संपूर्ण सत्रातील सर्वांत मोलाचा होता. बाल्टिमोर ओरिओल्स या संघाने १९९१ मध्ये जुन्या मेमोरियल स्टेडियमवर ६७ सामने जिंकले आणि सुमारे २५.५ लाख प्रेक्षक आले. १९९२ मध्ये संघ कॅम्डन यार्ड्स या नव्या मैदानावर गेला, त्याने ८९ सामने जिंकले आणि प्रेक्षक सुमारे ३५.७ लाख झाले. वाढलेल्या दहा लाखांपैकी विजयांचे किती आणि नव्या मैदानाचे किती? या दोन ओळींकडे कितीही वेळ पाहिले तरी उत्तर मिळत नाही, कारण दोन्ही कारणे एकाच वर्षी बदलली. मग १९९३ ची ओळ दाखवली. त्या वर्षी डेन्व्हरचा कोलोराडो रॉकीज हा संघ लीगमध्ये नव्याने आला. त्यानेही नेमके ६७ सामने जिंकले आणि ९५ गमावले, तरीही ४४ लाख ८३ हजारांहून अधिक प्रेक्षक खेचले. एका हंगामाचा हा उच्चांक आहे. त्यावर पारोळ्याहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने उत्स्फूर्तपणे विचारले, "सर, टीम हारस तरी लोके कसाले येतस?" रिग्रेशनमध्ये एकाहून अधिक स्वतंत्र चले का घ्यावी लागतात, याचे इतके नेमके कारण मी आजवर कोणत्याही प्रस्तावनेत वाचलेले नाही. उलट बाजूने २००८ चा टॅम्पा बे रेज हा संघ पाहावा. ९७ विजय आणि अमेरिकन लीगचे विजेतेपद मिळवूनही त्याला हंगामभरात सुमारे १८ लाखच प्रेक्षक लाभले.

इथून पुढे मैदानाच्या पहिल्या काही वर्षांसाठी आणि लीगमधील पदार्पणासाठी शून्य-एक अशी (गोष्ट लागू असेल तर एक, नसेल तर शून्य) डमी चले तयार केली. ग्रेटलमध्ये हे काम मेनूमधूनही होते आणि एका ओळीच्या आज्ञेनेही. मेनूमधून केलेल्या प्रत्येक कृतीची आज्ञा तो स्वतः नोंदवून ठेवतो, त्यामुळे आज माऊसने केलेले काम उद्या लिहून कसे करायचे हे विद्यार्थी आपसूक शिकतात. विजयांचे प्रमाण आणि काढलेल्या-दिलेल्या धावांतील फरक ही दोन्ही चले एकाच समीकरणात घातली तेव्हा दोन्ही सहगुणकांच्या प्रमाण त्रुटी, म्हणजे त्यांच्या अंदाजातील अनिश्चितता, फुगल्या. ग्रेटलमधील बहुसंरेखतेची, म्हणजे स्वतंत्र चले एकमेकांशी किती बांधलेली आहेत याची, चाचणी लावल्यावर त्याचे कारण आकड्यांत दिसले, आणि एक चल काढून टाकण्याचा निर्णय मुलांनी स्वतःच घेतला.

संघ आणि वर्ष अशी दुहेरी रचना असलेली विदा, म्हणजे पॅनेल, हाताळण्यात ग्रेटल विशेष सरस आहे. संघ ओळखणारा स्तंभ कोणता आणि वर्ष सांगणारा कोणता हे एकदा सांगितले की प्रत्येक संघाला स्वतःचा स्थिरांक देणारे प्रारूप लगेच चालवता येते. शहराची लोकसंख्या, खेळाची परंपरा, शेजारी दुसरा संघ असणे अशा सावकाश बदलणाऱ्या गोष्टी या स्थिरांकात सामावतात आणि विजयांचा सहगुणक मग "हाच संघ नेहमीपेक्षा जास्त जिंकला तर काय" एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. एक्सेलच्या विश्लेषण साधनात १६ हून अधिक स्वतंत्र चले घेता येत नाहीत, त्यामुळे इतक्या संघांची डमी चले तिथे बसतच नाहीत. मात्र संघाचा स्तंभ निवडताना सावध राहावे लागते. लाहमनच्या तक्त्यातील संघाच्या संकेतानुसार गट केले तर एंजल्स हा एकच संघ नाव बदलल्यामुळे तीन तुकड्यांत विभागला जातो, आणि फ्रँचायझीच्या, म्हणजे नाव-गाव बदलले तरी कायम राहणाऱ्या क्लबच्या, संकेतानुसार केले तर मॉन्ट्रियल आणि वॉशिंग्टन ही दोन वेगळ्या देशांतील शहरे एकाच गटात येतात. आम्ही हाताने तिसरा स्तंभ तयार केला.

मैदानाची क्षमता हा सर्वांत अवघड भाग होता, आणि तिथे ग्रेटलची मर्यादाही समजली. बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये ३८ हजार लोकही मावत नाहीत. मे २००३ ते एप्रिल २०१३ या काळात तिथे सलग ८२० सामन्यांची तिकिटे संपल्याची क्लबची नोंद आहे. संघ आणखी चांगला खेळला तरी आकडा वर जाणार नाही, कारण खुर्च्याच नाहीत. साध्या लघुतम वर्ग पद्धतीला, म्हणजे आतापर्यंत वापरलेल्या रिग्रेशनला, मात्र विजयांचा परिणामच क्षीण आहे असे वाटते. यासाठी आकडा मर्यादेला अडकतो हे लक्षात घेणारे टोबिट प्रारूप वापरतात, आणि ग्रेटलमध्ये ते आहे. पण त्यात वरची मर्यादा सर्व निरीक्षणांसाठी एकच आकडा म्हणून द्यावी लागते, आणि आमच्याकडे तर प्रत्येक मैदानाची क्षमता वेगळी. त्यावर उपाय त्याच मेनूत अंतराल समाश्रयणाच्या रूपात आहे, जिथे प्रत्येक ओळीसाठी खालची आणि वरची सीमा वेगळी देता येते. मार्गदर्शिका नीट वाचल्याशिवाय हे ध्यानात येत नाही, आणि ती मार्गदर्शिका इंग्रजीत असून पदवीच्या विद्यार्थ्यासाठी बरीच जड आहे. शिक्षकाने आधी स्वतः वाचून दोन पानांचे मराठी टिपण करावे, असे मी सुचवेन.

तिकिटाच्या दराचा प्रश्न आम्ही केवळ स्पर्शून सोडला. गर्दी वाढली की क्लब दर वाढवतो, त्यामुळे कारण आणि परिणाम एकमेकांत गुंततात. त्यासाठी लागणारी द्विस्तरीय लघुतम वर्ग पद्धती ग्रेटलमध्ये आहे, पण ती पदव्युत्तर वर्गासाठी ठेवावी.

आलेख स्वच्छ असले तरी दिसायला साधे आहेत. सादरीकरणासाठी आकर्षक चित्रे हवी असणाऱ्याने आर (R) ही संगणकभाषा शिकावी. माझी खरी तक्रार सहगुणकांपुढच्या ताऱ्यांविषयी आहे. मुले तारे मोजतात आणि सहगुणकाचे एकक वाचायचे विसरतात. म्हणून मी नियम केला की प्रत्येक सहगुणकाखाली "एक विजय वाढल्यास दर सामन्याला इतके प्रेक्षक" अशा धाटणीचे एक पूर्ण मराठी वाक्य लिहायचे, आणि वाक्य नसेल तर गुण द्यायचे नाहीत.

काही गोष्टी मात्र कोणतेही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. नॅशनल लीग १९९२ पर्यंत फाटकातून प्रत्यक्ष आत आलेली माणसे मोजत असे, तर अमेरिकन लीग विकलेली तिकिटे मोजत असे. १९९३ पासून नॅशनल लीगनेही विकलेल्या तिकिटांचा आकडा द्यायला सुरुवात केली. रॉकीज त्याच वर्षी नॅशनल लीगमध्ये आला, म्हणजे ज्या ४४ लाखांवरून वर्गात तो प्रश्न निघाला, ती विकलेली तिकिटे होती. ही बाब माझ्या ध्यानात सत्र संपता संपता आली. पुढच्या तुकडीसाठी तक्त्यात नॅशनल लीगच्या १९९० ते १९९२ या तीन हंगामांपुढे ‘१’ हा आकडा मांडणारा नवा स्तंभ मी आताच जोडून ठेवला आहे, आणि पहिल्या प्रात्यक्षिकाला त्या स्तंभाचा सहगुणक काढूनच सुरुवात होईल.