लंडन, 1933: आधी चलन स्थिर की आधी भाव वर?

जून 1933 मध्ये महामंदीवर तोडगा काढायला लंडनच्या जागतिक आर्थिक परिषदेत 66 देशांचे प्रतिनिधी जमले. कोसळलेले भाव वर आणायला हवेत यावर फारसा वाद नव्हता. भांडण होते ते वाटेवरून.

फ्रान्स आणि सोन्याला चिकटलेले, म्हणजे चलनाची किंमत ठरावीक सोन्याशी बांधून ठेवणारे, त्याचे सोबती म्हणत, आधी चलनांचे दर बांधा, मग व्यापार आणि भाव सावरतील. महागाईने पोळलेल्या फ्रान्सची भीती खरी होती. पण सोन्याशी बांधलेल्या देशाला चलन हवे तसे वाढवता येत नाही, मग तो भाव वाढवणार कसा? याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी 3 जुलैच्या संदेशात दर बांधायला साफ नकार दिला. आधी घरातले भाव, शेतकऱ्याच्या मालाला दाम. परिषद तिथेच मोडली. जानेवारी 1934 मध्ये त्यांनी सोन्याचा भाव औंसाला 20.67 वरून 35 डॉलर केला, म्हणजे डॉलर स्वस्त केला; फ्रान्सने 1936 पर्यंत मंदी सोसून शेवटी फ्रँक उतरवलाच.

मला रूझवेल्ट यांची वाट बरोबर वाटते, भाषा मात्र फार कठोर. आपल्याकडचा शेतकरी तर दोन्ही वाटांबाहेर राहिला: रुपया 18 पेन्सला पौंडाशी जखडलेला, आणि तो दर ठरवणारे लंडनमध्ये.