आयएसपीएफ एडिटर आणि जुन्या कोबोलचं इंडेंटिंग: काही महिने वापरल्यावर

नागपूरच्या मिहानमधल्या ऑफिसात बसून एका परदेशी विमा कंपनीचे कोबोल या जुन्या भाषेतले प्रोग्राम सांभाळतो. व्हीएस कोडसारख्या आधुनिक एडिटरची सवय असलेल्याला आयएसपीएफ, म्हणजे आयबीएम मेनफ्रेमवरचा एडिटर, आधी शिक्षाच वाटतो. आता माझं मत बरंच बदललंय, पूर्ण नाही.

इंडेंटिंगचा, म्हणजे ओळी आतबाहेर सरकवण्याचा, वेग मात्र मानला. लाइन नंबरच्या जागी ब्लॉकच्या पहिल्या ओळीवर ))४ आणि शेवटच्या ओळीवर )) टाकून एंटर दाबा, अख्खा ब्लॉक चार रकाने उजवीकडे. माउसला हात लावायची गरज नाही. पण कंस आणि बाण एकच समजू नका. कंसाने सरकवताना सीमेबाहेर गेलेली अक्षरं कापली जातात, तीही गुपचूप. >> वापरलं तर मजकूर कापला जाण्याआधीच एडिटर ओळीवर एररची खूण लावतो. मी बाणच वापरतो.

खरी मेख ७२व्या रकान्यात आहे. पंचकार्ड ८० रकान्यांचं, त्यामुळे कोबोलची जुनी मांडणीही तशीच: १ ते ६ अनुक्रमांक, ७व्यात कॉमेंटचा तारा, ८ ते ११ एरिया ए, १२ ते ७२ एरिया बी. ७३ ते ८० कंपायलर बघतच नाही. आता गंमत बघा. नंबरिंग बंद असेल तर एडिटरची सीमा थेट ८० पर्यंत जाते, आणि ८० रकान्यांच्या स्क्रीनवर मजकुराचे दिसतात फक्त ७२. म्हणजे सरकलेला शब्द ना तुम्हाला दिसतो, ना कंपायलरला. मूव्ह झीरो टू ए बी सी (तिन्हींत शून्य भरा) यातला सी असा बाहेर गेला, तर प्रोग्राम बिनतक्रार कंपाइल होतो, फक्त सी शून्य होत नाही.

ओळीच्या टोकाचा फुलस्टॉप गेला तर त्याहून वाईट. इफची अट बंद करणारं एंड-इफ कोबोल-८५ मध्ये आलं. त्याआधीच्या कोडमध्ये सगळे उघडे इफ तो एक ठिपकाच बंद करतो, इंडेंट कितीही सुबक असो. आमचे सीनियर मागून जाताना विचारतातच, "नुसतं सरकवून राहिला का बे, का ठिपके पण पाहून राहिला?"

उपाय सोपा: बाउंड्स ८ ७२ ही कमांड. उजवीकडे मर्यादा बसते आणि डावीकडे ७व्यातला तारा जागचा हलत नाही. मोजणीसाठी कोल्सची पट्टी, आणि अंडू चालावं म्हणून रिकव्हरी ऑन. १३२ रकान्यांचा टर्मिनल मिळाला तर जरूर घ्या.

न आवडलेलं म्हणजे आपोआप फॉरमॅट करणारी सोय हाताशी नाही. रेक्स या स्क्रिप्ट भाषेत मॅक्रो लिहिता येतो, पण नेस्टेड इफ ओळखणारा मॅक्रो लिहिणं म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात दुपारी बारा वाजता सीताबर्डीला पायी फिरणं.

सेटिंग डेटासेटच्या (मेनफ्रेमवरच्या फाइलच्या) नावाच्या शेवटच्या भागाप्रमाणे वेगळ्या प्रोफाइलमध्ये राहते. कोबोल आणि जेसीएल (मेनफ्रेमला कामं नेमून देणारी भाषा) एकाच नावाच्या लायब्ररीत ठेवत असाल तर सांभाळा. जेसीएलचा मजकूर ७१ पर्यंतच चालतो, आणि उरलेला पुढच्या ओळीत नेला तर तो ४ ते १६ या रकान्यांतच सुरू व्हावा लागतो.